आपटाळ्याच्या पुढे गाड्या विरळ होतात

जुन्नर तालुक्यातल्या शांत रस्त्यांवर सायकल चालवण्याबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यांना उत्तरं देतायत आमचे ‘डॉक्टर’. पदवीने ते डॉक्टर नाहीत. पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांनी तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात नोकरी केली, तीही बरीचशी सायकलवरून, आणि गावांनीच त्यांना डॉक्टर करून टाकलं.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र, पस्तिशी-चाळिशीतले, हिंजवडीत नोकरीला. सिंहगड, पानशेत, लवासा हे रस्ते झाले. आता गाड्यांचा वैताग आलाय. दोन दिवस सायकल चालवता येईल, रहदारी कमी असेल आणि वाटेत काही जुनं पाहायला मिळेल असा रस्ता सांगा. दोघांकडे बारीक टायरच्या रोड बाइक आहेत. – एक वाचक, वाकड

उत्तर : आधी शनिवार-रविवार डोक्यातून काढा. रजा टाका आणि बुधवार-गुरुवार या. तुम्ही ज्या गाड्यांना वैतागलात त्याच गाड्या शनिवारी सकाळी नाणेघाटाकडे निघालेल्या असतात, पावसाळ्यात तर रांगेने. दुसरं, पुण्याहून सायकलने येण्याचा पराक्रम करू नका. चाकणपासून पुढे महामार्गावर कंटेनरच्या वाऱ्याने माणूस हेलपाटतो. सायकली गाडीवर टाका, नारायणगावला डावीकडे वळा, पंधरा किलोमीटरवर जुन्नर. मुक्काम दोन्ही रात्री जुन्नरलाच ठेवा, म्हणजे पाठीवर सामान नको.

पहिला दिवस कुकडीच्या खोऱ्याला द्या. जुन्नर, आपटाळे, चावंड, पूर, घाटघर आणि शेवटी नाणेघाट. एका बाजूचं अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. उजाडल्यावर निघालात तर ऊन चढायच्या आत घाटमाथ्यावर पोचता. गावातून बाहेर पडताना शिवनेरीचा डोंगर बाजूला येतो. त्याच्या कड्यात अर्ध्या उंचीवर काळी भोकं दिसतील, ती लेणी. आपटाळ्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर थोडी वर्दळ असते: शाळेची मुलं, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, वडाप. आपटाळ्याला फाटा आहे. डावीकडची वाट इंगळून-आंबोलीला जाते, तुम्ही सरळ चावंडकडे जा. इथून पुढे गाड्या विरळ होतात आणि सायकलची साखळी ऐकू यायला लागते. तेल घातलं नसेल तर तेही इथेच कळतं.

या रस्त्यावर एक गोष्ट पायांना जाणवेल. सह्याद्रीच्या ऐन कड्याकडे चाललोय, तरी छाती फुटेल असा चढ येत नाही. चढ आहेत, पण दम टाकायला मध्ये सपाटी आहे. आमच्या धंद्यात ओझ्याचं जनावर चढाला कसं लागतं हे पाहावंच लागायचं. लादलेला बैल उभा चढ टाळतो, पाण्याच्या कडेकडेने जातो आणि थोड्या-थोड्या वेळाने थांबतो. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. घाट चढून थकलेल्या त्या बैलांना जुन्नरपर्यंत आणायला याहून सोपी वाट दुसरी कुठली असणार? नदीचं खोरं, चारा, पाणी, सगळं हाताशी. आजचं डांबर नेमकं त्यांच्या खुरांवर पडलंय असं मी म्हणणार नाही, पण खोरं तेच आहे आणि चढही. आपण त्या बैलांच्या सोयीचा फायदा घेतोय, असं माझं मत आहे.

चावंडच्या पायथ्याशी सायकली कुणाच्या तरी अंगणात लावा. अंगणात लावताना विचारा, आणि परतताना तिथेच चहा घ्या. किल्ल्याच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये तोफा लावून उडवल्या, म्हणून वरचा टप्पा उभ्या कातळातला आहे. आता तिथे रेलिंग आहे. पण सायकलच्या बुटांना खाली लोखंडी किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असते, ती घालून त्या कातळावर जाऊ नका. चप्पल-बूट जोडीला ठेवा. वर ओळीने खोदलेली सात टाकी आहेत, सप्तमातृकांची म्हणतात. निजामशाहीचा वारस बहादूरशहा लहानपणी याच किल्ल्यावर कैदेत होता. किल्ला करायचा असेल तर नाणेघाटात कमी वेळ मिळेल हे धरून चाला. एका दिवसात दोन्ही नीट होत नाही. मी चावंड सोडेन.

पूर गावाजवळ कुकडेश्वराचं देऊळ आहे. कुकडी नदी उगम पावते ती इथेच. देवळाच्या दाराची चौकट बारकाईने बघा, आणि बघायच्या आधी डोळे दोन मिनिटं मिटून घ्या. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत काहीच दिसत नाही आणि लोक ‘अंधार आहे’ म्हणून परत फिरतात.

घाटघरच्या पुढे रस्ता पावसाने उखडलेला असतो. दर वर्षी बुजवतात, दर वर्षी उखडतो. बारीक टायरवाल्यांनी तिथे हवा थोडी कमी करावी आणि खड्डा दिसला की बसून न राहता पेडलवर उभं राहावं. टायर अठ्ठावीस मिलिमीटरचे बसत असतील तर घरूनच बदलून या.

नाणेघाटात पठार संपतं आणि एकदम कोकण दिसतं. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्याला जकातीचा रांजण म्हणतात. खिंडीतून थोडं खाली उतरलं की लेणं. त्याबद्दल खाली संगमनेरच्या बाईंना सविस्तर लिहिलंय, तेही वाचा.

दुसऱ्या दिवशी मीना नदीचं खोरं धरा. पुन्हा आपटाळे, या वेळी डावीकडे, इंगळून आणि मग आंबोली. अंतर आदल्या दिवसापेक्षा कमी. आंबोलीला रस्ता संपतो. समोर ढाकोबाची भिंत उभी आणि त्या बाजूने दाऱ्याघाट कोकणात उतरतो. तिथे पॉइंट नाही, रेलिंग नाही, कणीस भाजणारा नाही, म्हणून गर्दीही नाही. सावंतवाडीजवळची प्रसिद्ध आंबोली ती वेगळी. फोनचा नकाशा तिकडे न्यायला बघेल, सांभाळा.

जेवणाचं: आपटाळ्याच्या पुढे हॉटेल धरू नका. सकाळी जाताना एखाद्या घरी सांगून ठेवलं तर परतताना भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो. पैसे स्वतःहून द्या. ते मागणार नाहीत. रात्री जुन्नरला किंवा नारायणगावला मासवडी खा. नाव मासवडी, पण मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण घालून वळी करतात, वड्या कापतात आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढतात. सायकल चालवून आलेल्या माणसाने रस्सा जपून घ्यावा. दुसऱ्या दिवशी खोगिरावर बसायचंय.

प्रश्न : मी आणि माझी बहीण, दोघीच येणार आहोत. घरचे म्हणतात, जुन्नर म्हणजे बिबट्या. आम्हाला खरी भीती कुत्र्यांची वाटते. दोन्हींबद्दल खरं काय ते सांगा. – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, घरचेही खरे आणि तुम्हीही.

बिबट्यापासून सुरुवात करू. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबटे आहेत, भरपूर आहेत आणि माणसांवर हल्ले होऊन जीवही गेलेत. हे हसण्यावारी न्यायचं नाही. आपल्याकडचा बिबट्या बऱ्याच ठिकाणी उसात राहतो. उसात सावली, पाणी, लपायला जागा, आणि शेजारी वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. कित्येक पिल्लं उसातच जन्मतात आणि ऊसतोडीत सापडतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, ते याच कारणाने. म्हणजे धोक्याचा पट्टा ओळखायचा तर आधी ऊस बघा. नारायणगाव, पिंपळवंडी, ओतूर ही बागायती बाजू. पश्चिमेला, वर वाकडच्या वाचकांना सांगितलेल्या वाटेवर, भाताची खाचरं आणि डोंगर. तिथे बिबट्या नाही असं नव्हे, पण दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मध्ये चिंचोळा रस्ता, हा प्रकार तिथे नाही.

नियम थोडेच आहेत, पण ते मोडायचे नाहीत. उजाडायच्या आधी निघायचं नाही आणि दिवेलागणीच्या आत मुक्कामी पोचायचं. सायकलवाल्यांना पहाटे चारला निघायची खोड असते. ती इथे चालत नाही. दुसरं, आणि हे फार जणांना ठाऊक नसतं: बिबट्याला उभा माणूस मोठा दिसतो, वाकलेला किंवा बसलेला लहान. गवत कापणाऱ्या बाया, शौचाला बसलेली माणसं, लहान मुलं यांच्यावर हल्ले होतात त्यात हेही एक कारण आहे. म्हणून उसाच्या कडेला पंक्चर झालं तर तिथेच उकिडवं बसून चाक काढू नका. चाकाची चिंता न करता सायकल ढकलत वस्तीपर्यंत न्या. रिम थोडी घासेल, घासू द्या. दोघींनी एकमेकींच्या हाकेच्या अंतरात राहा आणि बोलत राहा. बिबट्या दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, सायकल पुढ्यात धरून मोठ्याने ओरडत मागे सरा. वन विभागाचा नंबर १९२६.

आता कुत्री. नोकरीत मला बिबट्याने कधी त्रास दिला नाही, कुत्र्यांनी पुष्कळ दिला, त्यातून मी त्यांना सुया टोचणारा. कुत्रा फिरत्या चाकामागे आणि हलत्या पोटरीमागे धावतो. जितक्या जोरात पेडल माराल तितका त्याला चेव येतो. उतार असेल तर गोष्ट वेगळी. सपाटीवर किंवा चढावर असाल तर सरळ थांबा, कुत्र्याच्या उलट बाजूला उतरा आणि सायकल मध्ये ठेवा. ‘हाड’ एकदाच, पण पोटातून म्हणा. चाक थांबलं की दहातल्या नऊ कुत्र्यांचा रस संपतो. मग सायकल हातात धरून त्याच्या हद्दीच्या बाहेर चालत जा. हद्द म्हणजे बहुतेक वेळा त्या घराचं कुंपण संपेपर्यंत. बाटलीतलं पाणी तोंडावर उडवण्याचा उपायही चालतो. दगड मारू नका, निदान मालकासमोर तरी.

धनगरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांना मात्र हे लागू नाही. ती कळपासाठी आहेत आणि मेंढरांच्या जवळ जाणारा त्यांच्या हिशेबी लांडगा. रस्त्यावर मेंढरं आली तर लांबच थांबा आणि धनगराला हाक मारा. तो शीळ घालेल, कुत्री बाजूला घेईल, मग जा.

म्हशीचंही सांगून टाकतो. मागून घंटी वाजवू नका. म्हैस दचकली की आधी रस्त्यात आडवी येते, मग विचार करते. तिचे कान बघा. ज्या बाजूचा कान मागे वळला, त्या बाजूने तिने तुम्हाला ऐकलंय. त्याच बाजूने, बोलत बोलत, सावकाश जा. न कळलेल्या बाजूने गेलात तर शिंग फिरतं आणि ते मारायच्या इराद्याने नसलं तरी लागतं तेवढंच.

गावांचं म्हणाल, तर दोघी बायका सायकलवर दिसल्या की विचारपूस होईल: कुठल्या, कुणाकडे, एकट्याच का. त्याचा राग मानू नका. विचारणाऱ्या आजीला सगळं सांगून टाका. तुम्ही पुढच्या गावात पोचायच्या आत बातमी पोचलेली असते, आणि हे तुमच्या सोयीचंच आहे.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाणेघाट सायकल खांद्यावर घेऊन उतरायचा आणि वैशाखरेला हायवेला लागून घरी, असा प्लॅन आहे. रील पण होईल. जुलैमध्ये जमेल ना? – एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : जुलैत नको. तू तरुण आहेस, खांदे मजबूत असतील, पण ती वाट दगडांची आहे, शेवाळलेली आणि वरून ओढ्यासारखं पाणी वाहणारी. खांद्यावर सायकल असली की पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. मागचं चाक खडकाला टेकलं की तोल पुढे जातो. पुढे काय आहे ते तुला माहीत आहे.

आणि म्हणून माळशेज घाटाने जातो, असंही म्हणू नकोस. पावसात तिथे धुकं असतं, दरड येते आणि ट्रकवाल्याला पुढचा टेम्पो दिसत नाही, तू कुठून दिसणार?

जुलैत यायचंच असेल तर जुन्नरकडून ये आणि जुन्नरलाच परत जा, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. जाताना वारा तोंडावर घेशील, येताना तोच ढकलत आणेल. धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं, ते कड्यापासून लांब उभं राहूनही दिसतं. सायकल न घेता नाणेघाट उतरायचा असेल तर डिसेंबरात मित्रांबरोबर उतर. छान वाट आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या नववीच्या मुलामुलींची सायकल सहल जुन्नरला आणायची आहे. इतिहास सांगायचा तर शिवनेरीपलीकडे काय सांगावं? मुलं सनावळ्यांना कंटाळतात. – एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : बाई, पहिली सूचना तारखेची. १९ फेब्रुवारीच्या आसपास आणू नका. शिवजयंतीला शिवज्योत घेऊन धावणारी मंडळं चारी बाजूंनी येतात, रस्ते त्यांचे असतात आणि तसेच असावेत. मुलांच्या सायकलींना त्यात जागा नाही.

आता इतिहास. मुलांना दुकानदारांचा इतिहास सांगा, ऐकतील. जुन्नरच्या भोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत: शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा. ती कुणी खोदवली हे भिंतींवरच लिहिलंय आणि त्यात सगळेच काही राजे नाहीत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. श्रेणी म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ, आजच्या भाषेत असोसिएशन म्हणा. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. यवन, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीक, म्हणवणाऱ्या तिघांची दानं आहेत: इरिल, चिट आणि चंद. पाण्याची टाकी, भोजनमंडप, लेण्याचं मुख अशी ही दानं. मानमोडीच्या एका लेखात शक राजा क्षत्रप नहपान याचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम आहे. मुलांना विचारा, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांनी पैसे जमवून डोंगर खोदून द्यावा, एवढा पैसा या गावात कुठून येत असेल? उत्तर मग नाणेघाटात शोधायचं.

सायकलने मुलांना नाणेघाटापर्यंत नेऊ नका; नववीच्या मुलांना जाऊन-येऊन जड होईल. तिथे बसने न्या आणि सायकल लेण्याद्रीपर्यंत ठेवा. जुन्नरहून पाच-सहा किलोमीटर. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला गर्दी असते, पण देवाचं लेणं हे सातवं. मूळ सगळीच बौद्ध लेणी आहेत, पण बाकीच्यांकडे फारसं कुणी वळत नाही. चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, मुलांना बसवा.

वाट वाकडी करून हापूसबागेतला सौदागर घुमटही दाखवा. शिवनेरीच्या वर्णनात बुडालेल्या पुस्तकांत तो येत नाही. मलिक अहमदने निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नरला केली होती, आणि एके काळी हे शहर होतं हे मुलांना त्या घुमटाखाली उभं राहिलं की पटतं. शेताच्या मध्ये एवढी मोठी इमारत. आत एकाने टाळी वाजवायची, बाकीच्यांनी ऐकायची. सगळ्यांनी एकदम वाजवली तर काही कळत नाही.

नाणेघाटातलं लेणं मात्र तुम्ही स्वतः आधी एकदा बघून या. डाव्या-उजव्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. तिच्या घराण्याने केलेले यज्ञ, त्यात दोन अश्वमेध, आणि त्या यज्ञांत दिलेली दक्षिणा असा हिशेब आहे. गाई हजारोंनी, घोडे, कार्षापण नाणी. मी तो लेख पहिल्यांदा समजावून घेतला तेव्हा माझं लक्ष गाईंच्या आकड्यावर अडकलं. इतक्या जनावरांना चारा कुठला, ही धंद्याची खोड. पण आकडेच महत्त्वाचे आहेत. आपण आज लिहितो त्या अंकांचे फार जुने आकार या भिंतीवर आहेत. गणिताच्या शिक्षकांनाही बरोबर घ्या.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. पुतळे गेले, वर कोरलेली नावं राहिली: सिमुक सातवाहन, देवी नागनिका, श्रीसातकर्णी आणि पुढचे. मुलांना हे सांगून, पुतळ्यांचे पाय कुठे शिल्लक दिसतात ते शोधायला लावा. खडू, पाणी, बोट, काही अक्षरांवर लावू द्यायचं नाही. पूर्वी कुणीतरी नावं कोरून ठेवलीयत, ती वाचायला मुलांना फार आवडतं, त्यापासून लांब ठेवा.

प्रश्न : डॉक्टर, तुम्ही आमच्याकडे लोक पाठवता ते ठीक. पण हे सायकलवाले आमच्या वाळत घातलेल्या भातावरून चाकं नेतात, बांधावर उभं राहून ड्रोन उडवतात, आणि कुठे निघालात विचारलं तर थांबून बोलत नाहीत, कानात बोंडं घातलेली. हे पण छापा. – एक वाचक, घाटघर परिसर

उत्तर : छापलं.

वाकडच्या आणि नाशिकच्या वाचकांनी हे आपल्यासाठीच आहे असं समजावं. दसऱ्यानंतर भात कापणी होते. खळ्याला जागा अपुरी म्हणून डांबरावर भात पसरतात. डांबर तापतं, लवकर वाळतं. रस्ता अडवलाय असं वाटेल. तो वर्षाचा दाणा आहे. सायकल उचला आणि कडेने जा. चाकाला लागलेली खडी भातात गेली की ती निवडत बसणारी बाई तुम्हाला दिसत नाही. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर हिरडा वाळत असतो. बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या महादेव कोळी घरांचं रोख पैशाचं साधन आहे. रानात बिया वेचाव्यात तसा तो अंगणातून मूठभर उचलून ‘हे काय’ म्हणून दाताखाली धरू नये. विचारा, हातावर ठेवतील. चव तुरट आहे, तोंड बराच वेळ आवळून राहील.

ड्रोनबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही. त्या आवाजाने गाभण म्हैस दावं तोडते एवढं सांगतो.

कानातली बोंडं काढा. या रस्त्यावर मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न, कुत्रं आणि हाक, तिन्ही ऐकू यायला हवेत. कुणी ‘कुठं निघालाव?’ म्हटलं तर पाय टेका आणि उत्तर द्या. एवढ्याने सरासरी वेग बिघडत असेल तर तो बिघडू द्या.

आणि दादा, तुम्हालाही एक विनंती. भाताच्या दोन्ही टोकांना एखादी फांदी किंवा लाल फडकं उभं करा. वळणावरून येणाऱ्याला आधी दिसलं तर तो उतरेल.

प्रश्न : वय सदुसष्ट. गिअरची सायकल नाही, जुनी काळी बावीस इंची आहे. चढ नको, पण काहीतरी बघण्यासारखं हवं. – एक वाचक, मंचर

उत्तर : तुमच्यासाठी पश्चिम नको, पूर्व धरा. नारायणगावहून खोडद. जवळजवळ सपाट रस्ता, कडेला द्राक्षबागा, टोमॅटो, कांदा. आणि त्यात एकदम उभ्या प्रचंड जाळीच्या थाळ्या. ही खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. चौदा खोडदजवळ एकत्र आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या, त्यामुळे एक मागे टाकली की काही वेळाने शेतात दुसरी दिसते. सगळ्या एकदम एकाच दिशेला वळलेल्या असतात. तुम्ही चहा पिऊन बाहेर आलात की कधी कधी तोंडं दुसरीकडे असतात. फेब्रुवारीअखेर, विज्ञान दिनाच्या सुमारास, लोकांना आत सोडतात. एरवी रस्त्यावरूनही पोटभर दिसतं.

हा उसाचाही पट्टा आहे, तेव्हा वर नाशिकच्या ताईंना लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू. नऊच्या पुढे निघा, चारच्या आत परत.

काळ्या सायकलीचं काही बिघडत नाही. माझी नोकरी तिच्यावरच झाली. फक्त दोन कामं करून घ्या. ब्रेकचे रबर नवे टाका, कारण बागायती रस्त्यावर पाटाचं पाणी वाहत असतं आणि झिजलेलं रबर ओल्या रिमवर नुसतं घसरतं. आणि बावीस इंची चाकाची ट्यूब घरूनच घेऊन या. दुकानदार चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस सगळं दाखवेल आणि बावीसला मान हलवेल. बावीस इंची म्हणजे तुम्ही चौकट धरत असाल तर चाक अठ्ठावीसचं असेल, मग काळजी नाही. टायरच्या बाजूला छापलेलं असतं, तेवढं एकदा चष्मा लावून बघा.